आढ्यावरचा हात

२८ ऑक्टोबर १९५६, सौंसर

भगवंतरावांनी आज शब्द दिला. पांढुर्ण्याला मालधक्क्याजवळ त्यांची संत्र्याची शेड उभी होते आहे. भिंती नाहीत, नुसते सागाचे खांब आणि वर लांबच लांब दोन पाख्यांचं छप्पर. खाली बाया संत्री निवडतील, पेट्या भरतील. मृगाचा बहार तुटायच्या आत, म्हणजे फेब्रुवारी लागता लागता, छप्पर पुरं व्हायला पाहिजे.

"नाही झालं तर मी टिना टाकून घेतो, बापूजी," ते म्हणाले. "नागपूरचा एक जण आठ दिवसांत टाकून देतो म्हणून राहिला."

मी म्हटलं, "टाका की. टिनाखाली संत्रं उकडते. पेटी दिल्लीला पोचेपर्यंत लोणचं तयार."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो नं."

भगवंतरावांची बाग तालुक्यात सगळ्यांत मोठी. ते करतात ते बाकीचे बागाईतदार करतात. हे छप्पर नीट आणि वेळेवर झालं तर सगळे कवेलूच, म्हणजे मातीची कौलंच, मागतील. नाही झालं तर दोन-चार वर्षांत जिकडे तिकडे टिना चमकतील आणि मी ओट्यावर बसून त्या मोजेन. एवढं हे सरळ आहे.

माणसांची चिंता नाही. रामाकोन्याचा भिवाजी मिस्त्री, त्याच्या हाताखाली चिंधू आणि आणखी तिघं, खालून कवेलू उचलून द्यायला म्हातारा गुणवंता. याहून चांगली टोळी आपल्या जिल्ह्यात नाही. मीच एकेक पारखून गोळा केली आहे.

या मोठ्या कामाची रोजची टिपणं ठेवायची असं ठरवलं. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो. छप्पर घालायलाही कोणी शिकवलं नाही. पांढुर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरांची कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा रचायला, काढायचे तेव्हा मी खाली उभा राहून पाहायचो. खालचं चित, वरचं पालथं, कोण कोणावर किती चढलं. घरी येऊन अंगणात मातीवर तशीच मांडून पाहायचो. त्या छपरांवर एक ओळ इकडची तिकडे नव्हती. माझ्याही छपरांवर नसते.

३० ऑक्टोबर, मोहगाव

मोहगावचं घर आज पुरं झालं. माणसं उतरल्यावर नेहमीप्रमाणे दोरी घेऊन वर गेलो. चिंधूची एक ओळ खालच्या टोकाला बोटभर सरकलेली होती. ती उसवून पुन्हा घातली. भिवाजीच्या पाख्यातही चार-दोन ठिकाणी हात फिरवला. तसं पाहिलं तर गळलं नसतं. पण मला माहीत असताना मी ठेवू कसं?

आढ्याच्या दोन्ही टोकांना ओल्या चुन्यात पंजे उमटवलेले होते, पाची बोटांसकट. भिवाजीची टोळी दर घराला ही घाण करते. मी दर वेळी थापीने ती सारखी करतो. आजही केली. आता खालून पाहिलं तर आढं कसं आरशासारखं.

घरमालकाने नारळ फोडला. भिवाजीने खोबरं घेतलं नाही. पोट बिघडलं असावं. दिवाळीचा पगार आणि प्रत्येकाला धोतरजोडी आजच दिली. सणाच्या आधी किती ठेकेदार देतात? भिवाजी म्हणाला, "धोतर चांगलं हाय जी." जाताना फाटकाशी थांबून त्याने बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. कामाचं समाधान असं असतं.

१ नोव्हेंबर, सौंसर

आजपासून नागपूर मुंबई राज्यात आणि आपण भोपाळकडे. शाळेत झेंडा, पेढे. तहसिलीतला बाबू म्हणाला की इथून पुढे कामकाज सगळं हिंदीत.

बायकोचं, वच्छलेचं, माहेर काटोलचं, म्हणजे नागपूरकडचं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे मी आता परराज्यातली झाली का?"

"झालीस."

"मंग भाऊबीजेले भाऊ येईन तर त्याले पाहुणा म्हणू का परदेशी?"

मी म्हटलं, राज्य कोणतंही असो, छप्पर गळायला नको. माझं काम तेवढं.

९ नोव्हेंबर, सौंसर

दिवाळी संपली, भाऊबीज झाली, माणसं नाहीत. एकटा गुणवंता आला, कानात विडी खोचून.

"बाकीचे कुठे आहेत?"

"चिंधू भोपाळले गेला जी. थे तिघंबी त्याच्यासंगं. तिथं राजधानी होऊन राहिली नं, बंगलेच बंगले बांधून राहिले. बाजारात एक हिंदी बोलणारा मुकादम आला होता. तिकीट काढून घेऊन गेला सगळ्यायले."

"आणि भिवाजी?"

"थो घरी हाय."

"बिमार आहे का?"

"मले काय मालूम? मी कवेलू देणारा माणूस. जो वर असते त्याले देतो."

"तू का नाही गेलास भोपाळला?"

"मले कोण नेते बापूजी? दात पाहून नेऊन राहिले होते थे."

तर हे असं आहे. भोपाळची हवा. पगाराची गोष्ट असेल तर पगाराने सुटेल. भिवाजीला निरोप धाडला की भोपाळचा दर इथेच देतो, शिवाय दर बाजाराच्या दिवशी रोख. बघू किती दिवस घरी बसतो.

१७ नोव्हेंबर, पांढुर्णा

भिवाजीचं उत्तर नाही. मी कोणासाठी थांबणारा नव्हे. बोरगावहून चौघं नवीन आणले. त्यांनी आपापल्या घरांची कवेलू फेरली आहेत, तेवढ्यावर चालेल. बाकी मी शिकवीन. दुधाचा चहा दोन वेळा, झोपायला धर्मशाळेत जागा, प्रत्येकाला घोंगडी. भिवाजीच्या टोळीला मी घोंगडी कधी दिली नव्हती. कळेल त्यांना.

आजचं काम: धक्क्याकडच्या पाख्याच्या खालच्या ओळी. माणसं उतरल्यावर मी वर जाऊन बहुतेक पुन्हा घातल्या. शिकतील हळूहळू.

२४ नोव्हेंबर, पांढुर्णा

बोरगावचे चौघंही गेले. घोंगड्या घडी करून ठेवून गेले, हे विशेष. त्यांच्यातला मोठा, पांडुरंग नावाचा, उसवलेल्या ओळीकडे पाहत म्हणाला, "बापूजी, तुमीच ठेवा सारी कवेलू. आमी खालून पाहातो अन् चहा पितो." बाकीचे हसले. गुणवंताही हसला.

आळशी माणसाला नीट काम दाखवलं की राग येतो. दुसरं काही नाही.

दिवसभर मी आणि गुणवंता दोघंच. तो खालून देतो, मी वर ठेवतो. ओळ सुतासारखी. पण या वेगाने पुढचा दसरा उजाडेल.

३ डिसेंबर, पांढुर्णा

भगवंतराव येऊन छपराच्या उघड्या लाकडी फाट्यांकडे पाहत उभे राहिले. पायात कोरे बूट, हातात छत्री, पाऊस नसताना.

"बापूजी, बागेत मृगाचं संत्रं पिवळं होऊन राहिलं. ते काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

"होईल."

"कोण करणार? हा म्हातारा?"

गुणवंता खालून म्हणाला, "मी करीन मालक, पण मले वर चढवणारा पायजे एक."

भगवंतराव हसले नाहीत. संक्रांतीपर्यंत एक पाखं पुरं दिसलं नाही तर टिनाची गाडी मागवतो, असं स्पष्ट सांगून गेले. त्यांचंही बरोबर आहे. मी मात्र माघार घेणार नाही. आता निरोप नाही, मी स्वतः रामाकोन्याला जातो.

९ डिसेंबर, सौंसर

छोट्या रुळाच्या गाडीने रामाकोन्याला गेलो. वाटलं होतं भिवाजी खाटेवर पडलेला असेल किंवा कुठल्या मोठ्या ठेक्यावर गेला असेल. तो शेजाऱ्याच्या घरावर बसून कवेलू फेरत होता. मजुरी काय, तर दोन वेळचं जेवण. आणि माझ्याकडचा भोपाळचा दर त्याला नको!

तो उतरेपर्यंत त्याच्या मायने मला ओट्यावर बसवलं. मी सवयीप्रमाणे गल्लीतली छपरं पाहिली. प्रत्येक आढ्याच्या तोंडाशी पंजे. काही झिजलेले, काहींवर शेवाळ. एकंदरीत ओंगळ दिसतं. गळत कुठलंच नाही, हे मात्र खरं. मी विचारून घेतलं.

माय माझी नजर पाहत होती. तिच्या घराच्या आढ्याकडे बोट करून म्हणाली, "थो भिवाच्या बापाचा हात हाय. माणूस गेला, हात राहिला. दसऱ्याले भिवा पयले वर चढून तिथं सोनं ठेवते, मंग देवापुढं."

"आणि बाजूचा लहान?"

"थो भिवाचा. बापासंगं पयलं छप्पर घातलं तवाचा. लगन ठरलं तर सूनबाईच्या बापानं आधी गावातले हात पाह्यले, मंग पोराचं तोंड."

भिवाजी हात धुऊन आला. मी आडवळण न घेता बोललो.

"दर सांगितला तो मिळाला ना?"

"मिळाला जी."

"मग भोपाळ मनात आहे का?"

"पैशाचंच असतं तर भोपाळले मीच पयले नसतो गेलो का बापूजी?"

"मग काय कमी पडलं? चहा? धोतर?"

"धोतर चांगलं हाय."

"मग?"

तो बोटांच्या पेरांतला चुना खरवडत राहिला. "छप्पर तुमचं हाय जी. तुमीच घालता. आमी कायले पायजे तिथं?"

याचा अर्थ मला लागला नाही. छप्पर माझंच आहे. ठेका माझ्या नावावर आहे. त्यात रागवण्यासारखं काय?

१० डिसेंबर, सौंसर

वच्छला भाकर थापत होती तेव्हा तिला रामाकोन्याचं सगळं सांगितलं. पंजांचं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

"अन् तुमी थे हात पुसता?"

"पुसत नाही. सारखं करतो."

"दर घराचं?"

"काम स्वच्छ दिसायला पाहिजे की नाही?"

तिने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी थापलेली भाकर तुमी रोज उचलून पुन्हा थापाल, तर मी राहीन का या घरात?"

"राहशील नाही तर काय!"

"राहीन. लगीन लागलं हाय म्हणून. भिवाजीचं तुमच्यासंगं लागलं नाही."

मी तिला समजावलं की ज्यांच्यावरून मी शिकलो त्या रेल्वे क्वार्टरांवर एकही पंजा नव्हता. इतकी वर्षं ती छपरं उभी आहेत.

"त्याच्यावर कोणाचा राहीन?" ती म्हणाली. "थे सरकारचं."

भाकर फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली. ती गोल नव्हती. मी ती तशीच खाल्ली.

१२ डिसेंबर, मोहगाव

दुसऱ्या कामाला आलो होतो. जाता जाता दिवाळीआधी पुरं केलेलं ते घर पाहिलं. आढं गुळगुळीत आहे. कोणी घातलं ते खालून कळत नाही.

१६ डिसेंबर, सौंसर

पुन्हा रामाकोना. या वेळी दराचा विषय काढलाच नाही. म्हटलं, "भिवाजी, अट सांग. काय असेल ती."

त्याने लगेच सांगितलं. म्हणजे ती त्याच्याकडे आधीपासून तयार होती.

"छप्पर पुरं होईस्तोर तुमी वर चढायचं नाई."

"ओळ तिरपी झाली तर?"

"खालून सांगा. आमी पाहू."

"आणि नाही ऐकलंत तर?"

"तर थे आमच्या नावानं तिरपं राहीन."

"आणि आढं?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आढं बंद होईन त्या दिवशी थापी घरी ठेवून या."

ठेका माझा. भगवंतरावांना तोंड दाखवायचं ते मला. छप्पर तिरपं दिसलं तर लोक भिवाजीला नाही, मला हसतील. आणि मीच खाली उभा राहून आभाळ पाहायचं! 'बरं' हा एक शब्द बोलायला मला इतका वेळ लागला की मधल्या वेळात मायने चूल पेटवून चहा करून आणला. चहा संपल्यावर म्हटलं, "बरं."

"दोन साळे अन् एक चुलतभाऊ आणतो," भिवाजी म्हणाला. "सोमवारी पांढुर्ण्याले भेटू."

२ जानेवारी १९५७, पांढुर्णा

काम जोरात आहे. गेल्या महिन्यात मी आणि गुणवंताने जेवढं केलं तेवढं हे लोक दोन दिवसांत करतात. वर गाणी म्हणतात. माझ्या हाताखाली कधी गाणी म्हटल्याचं आठवत नाही.

खाली उभं राहणं हे वर चढण्याहून अवघड काम आहे. मान मोडते. सुपारी तोंडात धरून ठेवतो म्हणजे बोलणं कमी होतं. गुणवंता मुद्दाम विचारतो, "बापूजी, खाट आणू का? पडल्या पडल्या पाहा. आजारी माणसाले पाहाले लोक येतात, तुमी छप्पर पाहा."

दोन वेळा खालून सांगितलं. एकदा भिवाजीने ऐकून ओळ सारखी केली. एकदा पाहून "असू द्या जी" म्हणाला. ती ओळ मी रोज पाहतो. दुपारच्या उन्हात तिची सावली वाकडी पडते.

१४ जानेवारी, पांढुर्णा

संक्रांत. भगवंतराव सगळ्यांना तिळाचे लाडू घेऊन आले. एक पाखं पुरं, दुसरं अर्ध्यावर. त्यांनी छत्री मिटून काखेत धरली, सावलीत उभे राहून वर पाहिलं आणि टिनांचं नाव काढलं नाही. शेवटी मात्र म्हणाले, "ती ओळ जराशी वाकडी नाही का बापूजी?"

माझ्या जिभेवर आलं होतं. मी सुपारी चावली आणि म्हटलं, "भिवाजीला विचारा. त्याची आहे."

वरून भिवाजी ओरडला, "वाकडी हाय मालक! पण पाणी नाही येणार. आलं तर माह्या घरी या, माह्या खाटेवर झोपा!"

भगवंतराव मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहिलं.

१९ जानेवारी, पांढुर्णा

आज सगळं हातचं जाणार होतं. जसं झालं तसंच लिहितो.

दुपारी माणसं नळावर हातपाय धुवायला गेली होती. शिडी लागलेली होती. ती ओळ समोर. मी फक्त जवळून पाहायला चढलो. पाहिलं तर दोनच कवेलू सरकवायची होती, की सगळी ओळ सरळ. हात आपोआप गेला. दोन कवेलू सरकवली. ओळ सरळ झाली. काय सुंदर दिसली!

मागे वळलो तर खाली भिवाजी उभा. त्याच्या हातात भाकरीचं फडकं.  ते त्याने पिशवीत घातलं, दोरी गुंडाळली, ओळंबा खिशात टाकला आणि तो स्टेशनच्या रस्त्याने निघाला. त्याचे साळे एकमेकांकडे पाहून आपल्या पिशव्या शोधायला लागले. गुणवंताने विडी विझवली.

हाक मारून तो थांबला नसता. माफी मागायची तर काय म्हणून, माझ्या ओळी सरळ असतात म्हणून? मी वरच उभा होतो. खाली सगळे पाहत होते, धक्क्यावरचे हमालसुद्धा. तेव्हा मी वाकलो आणि ती दोन कवेलू होती तशी परत वाकडी केली.

आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ ओळ वाकडी केली. 

भिवाजी फाटकाशी थांबला होता. तिथूनच ओरडला, "दुसरं आणखी बोटभर खाली होतं!"

"नाही! असंच होतं!"

"खाली होतं म्हणतो नं मी!"

मी बोटभर खाली घेतलं.

"आता?"

"हाव. आता माहं झालं."

तो परत आला. शिडीखाली उभा राहून म्हणाला, "उतरा आता बापूजी. भाकर थंडी होऊन राहिली." मी उतरलो. त्याने आपल्या फडक्यातली अर्धी भाकर मला दिली आणि पुढे जेवणभर त्याच्या गावच्या म्हशीची गोष्ट सांगत बसला, जसं काही घडलंच नाही.

२९ जानेवारी, पांढुर्णा

चिंधू भोपाळहून परत आला. वाळला आहे. सकाळी थेट शिडी चढून भिवाजीच्या बाजूला बसला आणि कवेलू मागायला लागला. गुणवंताने खालून विचारलं, "काहून रे, राजधानी पुरी झाली का?"

"तिथं सिमिटाचे सपाट छप्पर हायत गा," चिंधू म्हणाला. "आढंच नाही. दिवसभर घमेले वाहाचे. कोणत्या बंगल्याले कोणाचा हात लागला, काही मालूम नाही पडत."

माझ्या मते दिवाळीला दिलेल्या धोतरजोडीचाही थोडा परिणाम असावा. आज तो तेच धोतर नेसून आला होता.

३ फेब्रुवारी, पांढुर्णा

आढं बंद झालं.

थापी सौंसरला पेटीत ठेवली आहे. तरी सकाळपासून दोनदा खिसा चाचपला. भगवंतराव नारळ घेऊन आले, बागेतली पहिली बैलगाडी संत्री भरून खाली उभी. निवडायला आलेल्या बाया खांबांना टेकून वर पाहत होत्या.

भिवाजीने शेवटचं कवेलू बसवलं, चुना भरला, हाताने चोपला. मग आपला उजवा पंजा ओल्या चुन्यावर दाबून धरला. त्याच्यानंतर दोन्ही साळे, मग चुलतभाऊ, मग चिंधू. गुणवंताने शिडीवरून ओरडून सांगितलं की खालून दिलेलं कवेलू म्हणजे काही आपोआप उडत वर गेलेलं नाही. म्हणून त्यालाही खांद्याला धरून वर घेतलं. त्याचा पंजा तिरपा पडला. कोणी सारखा केला नाही.

"बापूजी, आता चढा," भिवाजीने हाक दिली.

वर गेलो. आढ्यावर बसलो. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला कापसाच्या वखारी, त्यापलीकडे बागा. माझी ती ओळ तिथेच होती. माझी म्हणजे भिवाजीची.

चुना अजून ओला होता. पंजांच्या रांगेत शेवटी जागा शिल्लक होती. मी विचारलं, "माझा कुठे ठेवू?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. भिवाजी म्हणाला, "तुमचं कवेलू कोणतं हाय जी यात?"

मी विचार केला. नोव्हेंबर-डिसेंबरात मी आणि गुणवंताने घातलेल्या ओळी भिवाजीने आल्या आल्या काढून पुन्हा घातल्या होत्या. त्याचा हक्क होता, छप्पर त्याच्या नावाचं होतं. मग ती दोन कवेलू दाखवली. "ही दोन."

"थे तर माहेच होते. तुमी नुसते परत ठेवले."

चिंधू हसला, मग सगळेच. मलाही हसू आलं, पण आतून कुठेतरी लागलं. हा जिल्हा माझ्या छपरांनी भरला आहे असं मी समजत होतो. वर बसून विचार केला तर त्यात दाखवायला माझं एकही नाही. जी नीट घातली ती त्यांची, आणि ती कोणाची ते मी राहू दिलं नाही.

मी म्हटलं, "बुधवारी बोरगावला त्या मास्तराचं घर सुरू होतं. तिथली पहिली ओळ मी घालतो. तू पाहा."

"अन् तिरपी झाली तर?"

"उसव."

"तुमच्यासमोर?"

"माघारी उसवू नको. मला दाखवून उसव."

भिवाजीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पंजा न ठेवताच मी खाली उतरलो. नारळ फुटला. भिवाजीने खोबऱ्याचा तुकडा आधी आपल्या तोंडात टाकला आणि दुसरा मला दिला. त्याच्या बोटांचा चुना खोबऱ्याला लागलेला होता.

बोरगावला सगळी टोळी येणार आहे. मी विचारलं नाही, चिंधूच म्हणाला, "शिडी आमी आणतो."

४ फेब्रुवारी, सौंसर

घरी. संध्याकाळी मागच्या अंगणात कवेलू मांडून पाहिली, पोरपणी मांडायचो तशी मातीवर. खालचं चित, वरचं पालथं. वच्छला दाराशी येऊन उभी राहिली.

"हे काय करून राहिले?"

"बुधवारची तयारी."

"सरळ हाय," ती म्हणाली.

मलाही तसंच वाटतं. भिवाजी काय म्हणतो ते बुधवारी कळेल.